जठराच्या लिम्फोमाचे उपचार : शस्त्रक्रियेकडून प्रतिजैविकांकडे

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत जठराच्या लिम्फोमावर, म्हणजे जठराच्या भिंतीत वाढणाऱ्या लसीकापेशींच्या कर्करोगावर, शस्त्रक्रिया हाच प्रमुख उपाय मानला जात असे. जठराचा मोठा भाग, प्रसंगी संपूर्ण जठर काढले जाई, आणि रोग हटला तरी घटलेले वजन व ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता रुग्णाच्या वाट्याला कायमची येई.

या विचाराला पहिला धक्का बसला तो 1983 मध्ये, जेव्हा पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी श्लेष्मल आवरणाशी निगडित लसीका ऊतीपासून उद्भवणाऱ्या, मंद गतीने वाढणाऱ्या लिम्फोमाचे वर्णन केले. हाच पुढे ‘माल्ट लिम्फोमा’ म्हणून ओळखला गेला. निरोगी जठरात अशी ऊती जवळजवळ नसतेच, मग तिचा कर्करोग तेथे यावा कोठून, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचे उत्तर बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी नुकत्याच उजेडात आणलेल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूत दडलेले होते: त्याच्या दीर्घकालीन संसर्गामुळे जठरात दाह निर्माण होतो आणि त्या दाहातूनच लसीका ऊती साठत जाते. अँड्रू वॉदरस्पून आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये अशा 110 रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा 92 टक्क्यांमध्ये हा जिवाणू सापडला. दोन वर्षांनी त्यांनी सहा रुग्णांना केवळ प्रतिजैविके दिली आणि पाच जणांमधील लिम्फोमा ओसरला. रुग्णसंख्या इतकी थोडी असूनही या अहवालाने उपचारांची दिशा बदलली, कारण एखाद्या कर्करोगाचे पोषण करणारा संसर्ग थांबवला तर कर्करोगही मागे हटू शकतो, हे त्यात प्रत्यक्ष दिसले.

त्यानंतरच्या अनुभवाने या उपचाराच्या मर्यादाही स्पष्ट केल्या. 11 व 18 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले रुग्ण प्रतिजैविकांना क्वचितच दाद देतात, हे 2001 च्या सुमारास कळले. त्यांच्यासाठी, तसेच जिवाणू नसलेल्या बहुतेक रुग्णांसाठी, साधारण 24 ते 30 ग्रे मात्रेचे किरणोपचार जठर शाबूत ठेवूनही अतिशय परिणामकारक ठरले, तर किरणोपचार शक्य नसल्यास रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध उपयोगी पडू लागले. वेगाने वाढणाऱ्या मोठ्या ब-पेशींच्या लिम्फोमात मात्र रिटुक्सिमॅबसह रसायनोपचार हाच मुख्य आधार राहिला. तेथेही शस्त्रक्रिया मागे पडली आणि आज ती प्रामुख्याने जठराला छिद्र पडणे किंवा आवरता न येणारा रक्तस्राव यांपुरतीच उरली आहे.

या साऱ्या प्रवासातील सर्वांत कठीण, आणि म्हणूनच सर्वांत मोलाचा बदल धीर धरण्याचा होता. जिवाणू नष्ट झाल्यावरही लिम्फोमा पूर्ण ओसरायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो; या काळात दुर्बिणीच्या तपासणीत जठर सुधारलेले दिसत असताना सूक्ष्मदर्शकाखाली थोड्या रोगपेशी आढळल्या, तरी घाईने तीव्र उपचार न करता निरीक्षण करणे सुरक्षित असते, हे अभ्यासांनी दाखवले. भारतात क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल यांना दाद न देणारे जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळत असल्याने औषधांचा क्रम संपल्यावर जिवाणू खरोखर गेला की नाही, याची श्वासचाचणी किंवा बायॉप्सीने खात्री करून घेणे येथे विशेष आवश्यक ठरते. रोग पूर्ण ओसरलेल्या रुग्णांनीही ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्यात जठराच्या नेहमीच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो.