सापडलेला खडा: घासावा की राखावा?

डहाणू-तलासरीकडच्या ओढ्यांतलं पाणी ओसरलं की काळ्या गोट्यांत कधीमधी एखादा दुधी, पट्ट्यापट्ट्यांचा खडा हाती लागतो. लगेच मनात येतं, पॉलिश करून घ्यावा का?

आधी तो आला कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि थिजलेला बसाल्ट ढोकळ्यासारखा जाळीदार झाला. झिरपत्या पाण्यातली सिलिका त्या पोकळ्यांत थरावर थर साचली, तो अकीक. कुठे झिओलाइटचे स्फटिक वाढले.

आता मागच्या, नजरेत न भरणाऱ्या बाजूला चाकूचं टोक ओढा. ओरखडा उठला नाही, तर बहुधा अकीक. खुशाल कापा, खरे पट्टे आतच असतात. आरपार तडा असेल तर मात्र पैसे वाया. गुजरातेतल्या खंबातचे कारागीर करडा अकीक भाजतात, तेव्हा आतल्या लोहसंयुगातलं पाणी उडून तो लाल होतो.

ओरखडा उठला तर थांबा. स्टिल्बाइटसारखा झिओलाइट मऊ, शिवाय ठरावीक पातळीत सपाट फुटणारा. चाकावर त्याचे तुकडेच होणार. त्याची किंमत आहे ती निसर्गाने दिलेल्या आकाराला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे न घासलेले स्फटिक पाहायलाच लोक जातात. बुडाचा काळा दगडही फोडू नका, स्फटिकाला तोच धरून असतो.