पाटीवालीचे नाव

परवा गोव्यात डिचोलीस जाण्याचा योग आला. एका शिष्येच्या सासरी दोन दिवस मुक्काम होता. रात्री जेवणे आटोपून पेटी काढावी, तोच तिच्या सासऱ्यांनी फडताळातून कापडात गुंडाळलेला एक जाडजूड आल्बम आणून पुढ्यात ठेवला. गृहस्थ एका खाणकंपनीत हजेरी-कारकून होते. कचेरीची जागा बदलली तेव्हा रद्दीत निघालेला हा आल्बम त्यांनी घरी आणला. पेटी राहिली बाजूला. आम्ही मध्यरात्रीपर्यंत फोटो पाहत बसलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानातील पोलादाच्या कारखान्यांना खनिज हवे झाले आणि शिरगाव, पाळी, साखळी या डिचोली महालातील डोंगरांना कुदळ लागली. आरंभी बरेचसे काम हातांनीच चाले. पुरुषांनी पहारीने फोडावे, बायकांनी पाट्या भरून डोक्यावरून वाहावे. मग तो माल बार्जमधून मांडवीमार्गे मुरगाव बंदराला जाई. पुढे यंत्रे आली, कंपन्या वाढल्या. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आमोण्याला बीड तयार करणारी भट्टीही पेटली.

हे सारे त्या आल्बमात होते. एका पानावर कुणी पाहुणे साहेब खाणीवर आलेले. त्यांची नावे हुद्द्यांसह टंकलिखित करून खाली चिकटवलेली. त्यांच्या मागे पाट्या घेतलेल्या अकरा बायका रांगेने उभ्या. त्यांच्याखाली एकच शब्द: ‘कामगार’.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. त्यांचे माहेर पेडण्याचे. चष्मा पुसून त्यांनी फोटो दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, “मास्तर, ही तिसरी मी. लग्नाला वर्षही झाले नव्हते.” मग एकेकीवर बोट ठेवीत त्या नावे सांगत गेल्या. ही अमकीची जाऊ, ही मयेची, हिचा आवाज धालोच्या गाण्यांत सगळ्यांच्या वर ऐकू येई. सात नावे झाली. उरलेल्या चौघींवर बोट बराच वेळ फिरले आणि थांबले. “ज्यांना ठाऊक होते, ती माणसे गेली,” एवढेच त्या म्हणाल्या.

मला आमच्या कोल्हापुरातील घरचा फोटो आठवला. संस्थान १९४९ साली विलीन झाले. त्याआधी माझे वडील पोरवयात दरबारच्या बैठकीत तंबोऱ्यावर बसत. फोटोत पुढे मानकरी आहेत, त्यांची नावे पाठीवर आहेत. मागे तंबोऱ्याआड दिसणारे अर्धे तोंड माझ्या वडिलांचे, हे आज मी सांगतो म्हणून कळते. माझ्यामागे कोण सांगणार?

कारखान्याचा इतिहास जपावा, ही जाण आपल्याकडे नवी नाही. औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. मुंबईत विक्रोळीला गोदरेज कंपनीने २००६ साली स्वतंत्र अभिलेखागार उभारले. तेथे कागद नि छायाचित्रे यांच्याबरोबर जुन्या नोकरांच्या आठवणीही ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. पण खाणधंद्यात मालकी वरचेवर बदलते. १९५४ साली इटालियन भांडवलावर निघालेली सेसा गोवा १९९६ साली जपानच्या मित्सुईकडे आणि २००७ साली वेदान्ताकडे गेली. २००९ साली धेंपे यांचा खाणधंदा सेसाने घेतला. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले. अशा उलथापालथीत हिशेबाच्या वह्या कुणी तरी सांभाळतो. आल्बम कुणाच्याच हिशेबात नसतो.

कोकणच्या पावसाळी हवेत फोटोला बुरशी लागते, कसर लागते. ती कोरड्या जागेने नि नुसत्या हवेशीर ठेवण्यानेही पुष्कळ टळते. चिकट पानांचे आल्बम मात्र टाळावेत. नाव लिहायचे ते पाठीवर, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई पुढच्या बाजूला उमटते. घोळक्याचा फोटो असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून डोक्यांच्या नुसत्या आकृती काढाव्यात, त्यांना आकडे द्यावेत आणि आकड्यांपुढे नावे लिहावीत. हे काम कंपनीने केले तर उत्तमच. पण त्यासाठी तिची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेच केले. सून आकृती काढीत होती, सासूबाई सांगत होत्या, मी लिहीत होतो. आठव्या आकड्यापुढची जागा कोरी होती. निघताना सासूबाई म्हणाल्या, “पेडण्याला माझी एक मैत्रीण आहे, नव्वदीची. तिला विचारते. लवकर जायला हवे.”

वाचकहो, आपल्याही फडताळात असा एखादा फोटो असेल. त्याच्याकडे पाहून नावे सांगणारे माणूस घरात आहे, तोवर तो खाली काढावा.