अदमासाचे दशक

महाडचा सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, त्याला आता दहा वर्षे होत आली. त्यानिमित्त हळहळ व्यक्त होईल, परंतु काळ नदीच्या वाटेने सावित्रीला मिळणाऱ्या शिवथरसारख्या खोऱ्यांतला विसर्ग अद्याप अदमासानेच ठरतो, हा विषय कोणी काढणार नाही.

या अदमासाचा पूर्वेतिहास कंटाळवाणा आहे. पाणलोटावरून पुराचा विसर्ग काढण्याचे डिकन्सचे सूत्र १८६५ चे, पश्चिम घाटासाठी इंग्लिसने बसविलेले १९३० चे. पुढे दीर्घकाळ तीच सूत्रे एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात नकलली गेली. पाणलोट २५ चौरस किलोमीटर धरला, तर इंग्लिसच्या हिशेबाने महत्तम पूर सेकंदाला सुमारे ५२१ घनमीटर येतो, आणि मध्य हिंदुस्थानातील १४ हा गुणांक उसना घेऊन डिकन्सच्या सूत्राने काढला, तर अवघा १५७. हा दुसरा आकडा पसंत करून मोऱ्यांचा खर्च वाचविणारे एक वरिष्ठ अंमलदार माझ्या पाहण्यात होते. त्यांना बढतीही मिळाली.

मन रेंगाळते ते २००३ ते २०१२ या काळापाशी. आंतरराष्ट्रीय जलशास्त्रीय संघटनेने हे दशक मापनविरहित नदीखोऱ्यांना वाहिले, आणि आकड्याबरोबर त्यातील अनिश्चितताही सांगितली पाहिजे, ही साधी सचोटी विद्वानांच्या चर्चेत प्रतिष्ठित झाली. त्यातच जुलै २००५ चा प्रलय आला. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडींनी माणसे गाडली. पाणी ओसरल्यावर देवळांच्या पायऱ्यांवर, झाडांच्या बुंध्यांवर उरलेल्या गाळाच्या रेषा शोधीत, वृद्ध ग्रामस्थांच्या जबान्या पडताळीत, नदीचा छेद व उतार मोजून मॅनिंगच्या सूत्राने वेग काढीत आम्ही हिंडलो. तळातील धोंड्यांचा खडबडीतपणा किती धरावा, यावर आमची कडाक्याची भांडणे होत. ती भांडणे करणारी माणसे आता निवृत्त झाली आहेत, आणि पूररेषा पाहायला चिखलात उतरण्याची रीतही त्यांच्याबरोबर बरखास्त झाली.

त्यानंतर २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तळिये गाडले गेले, महाड बुडाले. पण शिवथरच्या घळीखालच्या ओढ्यातून त्या रात्री किती पाणी गेले, याची नोंद माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. ओढ्याच्या काठी एक मापपट्टी रोवून तिच्यापाशी एक मनुष्य बसवावा, एवढीच आमची जुनी मागणी होती. मिळाले ते उपग्रहाच्या पावसावर रंगविलेले नकाशे.

अलीकडे एका सल्लागाराचा अहवाल चाळण्याचा योग आला. त्यात शिवथरच्या ओढ्याचा महत्तम विसर्ग दोन दशांश स्थळांपर्यंत दिला होता, आणि नकाशावर कुंभे शिवथर व आंबे शिवथर या गावांच्या नावांची अदलाबदल झाली होती.