संहिता, प्रयोग आणि वारस : बंद पडलेल्या ऑनलाइन खेळांचे पुनरुज्जीवन

एखादे पुस्तक पुन्हा छापायचे नाही असे प्रकाशकाने ठरवले, तरी ज्याच्या फडताळात त्याची प्रत आहे त्याच्यापुरते ते जिवंत असते. हजारो खेळाडू ज्यात एकाच वेळी वावरतात अशा ऑनलाइन खेळाचे तसे नाही. कंपनीने आपला सर्व्हर बंद केला की त्या क्षणी तो खेळ जगातून नाहीसा होतो आणि विकत घेतलेली तबकडी हाती असूनही निरुपयोगी ठरते. अशा नाहीशा झालेल्या खेळांना त्यांच्याच खेळाडूंनी पुन्हा उभे केल्याची उदाहरणे गेल्या दोन दशकांत घडली आहेत. त्यांचा विचार संगणकशास्त्राच्या अंगाने होतोच. परंतु त्यातील मूळ प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अधिक ओळखीचे वाटतील.

या खेळांची घडण दुहेरी असते. चित्रे, ध्वनी, नकाशे, पात्रांची रूपे खेळाडूच्या संगणकावर असतात. कोणाचा वार कोणाला किती लागला, कोणाजवळ कोणती वस्तू आहे, शत्रूने केव्हा काय करावे, हे सारे ठरवणारी आज्ञावली मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती खेळाडूच्या हाती कधीच पडत नाही. नाटकाच्या परिभाषेत सांगायचे तर नेपथ्य व वेशभूषा प्रेक्षकाच्या घरी आणि संहिता निर्मात्याच्या कपाटात, अशी ही व्यवस्था आहे. पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांपुढे त्यामुळे दोनच मार्ग उरतात : उपलब्ध अवशेषांवरून संहितेची फेररचना करणे, अथवा ते कपाट कोणीतरी उघडण्याची वाट पाहणे.

पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण म्हणजे ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने जून २००३ मध्ये हा खेळ अमेरिकेत सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य युद्धात नव्हते. तीसहून अधिक व्यवसायांतून खेळाडू आपला मार्ग निवडी. कोणी शिंपी होई, कोणी वैद्य, तर कोणी नर्तक. लढून थकलेल्या योद्ध्याचा शीण मद्यशाळेतील नर्तकाचे नृत्य पाहून उतरे, आणि तो नर्तकही दुसऱ्या कोणा गावचा हाडामांसाचा खेळाडूच असे. खेळाडूंनी वसवलेल्या नगरांना खेळाडूंनीच निवडलेले नगराध्यक्ष होते. एप्रिल २००५ मध्ये कंपनीने युद्धपद्धती बदलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तर सारी रचनाच मोडून व्यवसायांची संख्या नऊवर आणली. असंख्य खेळाडू सोडून गेले. खेळ पुढे १५ डिसेंबर २०११ पर्यंत चालला; परंतु सोडून गेलेल्यांच्या लेखी तो सहा वर्षे आधीच संपला होता.

‘एसडब्ल्यूजीएमू’ या स्वयंसेवी प्रकल्पाने मूळ खेळ चालू असतानाच त्याची जुनी स्थिती पुन्हा घडवण्याचे काम हाती घेतले. येथे अभ्यासकाने थांबून पाहावे असा प्रश्न उभा राहतो. सतत बदलत गेलेल्या कृतीचा ‘मूळ’ पाठ कोणता मानावा? या प्रकल्पाने एप्रिल २००५ च्या बदलाआधीची, म्हणजे १४.१ या क्रमांकाच्या सुधारणेपर्यंतची अवस्था प्रमाण मानली. ही निवड भावनेची असली तरी नेमकी आहे. सर्व्हरची आज्ञावली हाती नसल्यामुळे मूळ वर्तनाचा तर्क करून ती नव्याने लिहावी लागली. खेळण्यासाठी मूळ तबकडी खेळाडूजवळ असली पाहिजे, ही अटही प्रकल्पाने घातली; चित्रे व ध्वनी यांची प्रत आपण वाटायची नाही, एवढे पथ्य त्यामागे दिसते. गंमत अशी की ज्या उत्तरकालीन अवस्थेला बहुतेकांनी भ्रष्ट पाठ ठरवले होते, तिच्यावर प्रेम करणारेही निघाले आणि त्यांनी तीच अवस्था जपणारे वेगळे सर्व्हर उभारले.

दुसरा मार्ग अधिक गुंतागुंतीचा आहे. एप्रिल २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळात प्रत्येक खेळाडू आपला महानायक स्वतः घडवी. त्याचा पोशाख, शक्ती आणि चरित्रकथा ही खेळाडूचीच निर्मिती असे. दक्षिण कोरियाच्या एनसीसॉफ्ट कंपनीने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी हा खेळ बंद होणार असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये खेळाडूंचे महानायक ॲटलास पार्क या खेळातील चौकात हाती मशाली घेऊन जमले. त्याचा उपयोग झाला नाही. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्व्हर बंद झाले.

त्यानंतरची हकीकत एखाद्या हस्तलिखिताच्या इतिहासात शोभावी अशी आहे. मूळ सर्व्हरची आज्ञावली एका लहान गटाच्या हाती आली होती. या गटाने खेळ चालू केला, पण गुपचूप. निवडक लोकांनाच प्रवेश आणि बाहेर वाच्यता न करण्याची अट. एप्रिल २०१९ मध्ये ही गोष्ट उघड झाली, तेव्हा आनंदाइतकाच संतापही उसळला. आपण ज्याचा शोक करीत होतो ते शेजारच्या खोलीत जिवंत होते, हे कळल्यावर दुसरे काय होणार? गटाची भीती निराधार नव्हती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची जुनी आवृत्ती चालवणारा ‘नॉस्टॅलरियस’ हा खेळाडूंचा सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये मालक कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर बंद करावा लागला होता. तरीही पोथी वाचवणारा तिचा मालक ठरत नाही, हे म्हटलेच पाहिजे. मूठभरांनी राखलेला समूहखेळ हा अर्धाच राखलेला असतो, कारण त्याचा आशय आज्ञावलीइतकाच अनोळखी माणसांच्या भेटीत असतो.

रहस्य फुटल्यावर आज्ञावली सर्वत्र पसरली आणि अनेक सर्व्हर उभे राहिले. त्यांतील ‘होमकमिंग’ सर्वांत मोठा ठरला. खेळायला शुल्क नाही. खर्च देणग्यांतून भागवला जातो. एनसीसॉफ्टशी दीर्घकाळ चाललेल्या वाटाघाटींनंतर जानेवारी २०२४ मध्ये त्याला कंपनीचा रीतसर परवाना मिळाला. मालकी कंपनीकडेच राहिली. परवाना केवळ होमकमिंगपुरता असल्याने त्याच आज्ञावलीवर चालणारे इतर सर्व्हर त्याच्या छत्राबाहेर राहिले.

होमकमिंगच्या स्वयंसेवकांनी केवळ जतन केले नाही. चित्रकथांच्या मासिकांना अनुसरून या खेळाच्या सुधारणांना ‘अंक’ म्हणत. ती मालिका त्यांनी पुढे चालवली आणि नव्या शक्ती व नवी कथानके रचली. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करताना एकनाथांनी कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले होते. त्या कसोटीला होमकमिंग उतरणार नाही, एसडब्ल्यूजीएमू बहुधा उतरेल. मात्र पोथी पठणाने जिवंत राहते, तर हा खेळ नवे काही घडत राहिल्याने; तेव्हा तीच कसोटी येथे जशीच्या तशी लावणे न्याय्य होणार नाही.

कायद्याने या प्रश्नाला थोडाच स्पर्श केला आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रंथालये, अभिलेखागारे व संग्रहालये यांना सर्व्हरवर चालणारे बंद पडलेले खेळ जतन करण्यासाठी सवलत मिळाली. परंतु खेळाडूकडील भाग आणि सर्व्हरची आज्ञावली, दोन्ही संस्थेने वैध मार्गाने मिळवलेली असावीत आणि खेळ संस्थेच्या वास्तूबाहेर उपलब्ध करू नये, अशा अटी त्यासोबत आल्या. आज्ञावली कंपनीने स्वेच्छेने दिल्यावाचून पहिली अट पुरी होणे कठीण. नव्याने लिहिलेल्या संहितेला ही सवलत मिळाली नाही. बाजारातून गेलेले खेळ अभ्यासकांना दुरून पाहता यावेत ही मागणीही ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. कंपनीने उद्या मूळ आज्ञावली एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन केली, तरी या सवलतीखाली ॲटलास पार्कचा तो चौक भरेल तो त्या संग्रहालयाच्या दालनात प्रत्यक्ष येऊन बसतील तेवढ्याच खेळाडूंनी.