स्ट्रायकर घेताना आधी हात पाहा, मग वजन

कॅरम हा आपल्या मोहल्ल्यांचा, चाळींचा आणि कारखान्यांतल्या सुट्टीच्या वेळेचा खेळ. बोर्ड घेताना आपण चार दुकाने फिरतो, पण स्ट्रायकर चकचकीत दिसला की खिशात टाकतो. दुकानदारही "भारी माल आहे" म्हणून तो हातावर ठेवतो. भारी म्हणजे वजनाने की दर्जाने, हे दोघेही विचारत नाहीत आणि इथेच नुकसान होते.

एका स्थानिक स्पर्धेत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. पंचांनी एका मुलाचा स्ट्रायकर काट्यावर ठेवला, तो जास्त भरला. वर्षभर ज्यावर हात बसवला तो बाजूला ठेवून मुलाला उसना स्ट्रायकर घ्यावा लागला आणि पहिल्याच फेरीत तो बाद झाला. दुकानदाराने फसवले असे नाही. त्याने माल कधी तोललाच नव्हता.

म्हणून प्रथम नियम सांगतो. स्पर्धेच्या स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपेक्षा आणि व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. धातूचा आणि हस्तिदंताचा स्ट्रायकर नियमात बसत नाही. हस्तिदंताचा व्यापार तर वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जुन्या पेटीत असा नग सापडल्यास तो विक्रीला ठेवू नये.

आता हाताचा विचार करू. सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची असते, म्हणजे १५ ग्रॅमचा स्ट्रायकर तिच्या जवळजवळ तिप्पट. समोरासमोरच्या धडकेनंतर हिशेबाने अशा स्ट्रायकरचा निम्म्याच्या जवळपास वेग शिल्लक राहतो. १२ ग्रॅमचा असेल तर पाचात दोन भागच उरतो. फरक लहान वाटतो, पण पॉकेटच्या तोंडाशी तेवढाच पुरतो. सोंगटीमागोमाग स्ट्रायकरही आत गेला की दंड बसतो.

ज्याचा हात मुळात जोराचा आहे, त्याला थोडा हलका स्ट्रायकर सोयीचा पडतो. ज्याचे बोट मऊ आहे, जो हलक्या स्पर्शाने सोंगटी सरकवतो, त्याला १५ ग्रॅमच्या जवळचा द्यावा. कमी जोरातही तो सोंगट्यांचा घोळका फोडतो. कडेला आपटून मारणाऱ्याला वजनापेक्षा गोलाई महत्त्वाची, कारण कड जराही चपटी असली तर स्ट्रायकर परतताना वाट बदलतो. कात्री पद्धतीने, म्हणजे एका बोटावर दुसरे अडकवून मारणाऱ्याने कडेची धार तपासावी. धार बोचली की नख दुखते आणि दुखरा हात नेम सोडतो. लहान मुलांना सुरुवातीलाच जड स्ट्रायकर देऊ नये. जोर लावण्याच्या नादात हात वाकडा बसतो.

पारख घरच्या घरी होते. स्ट्रायकर काचेवर ठेवून कडेवर बोट दाबावे. डुगडुगला तर तळ सपाट नाही. व्हर्निअरने तीन-चार दिशांनी व्यास मोजावा. आकडा बदलला तर गोलाई बिघडलेली आहे. वजनासाठी सराफी काटा उत्तम. शेवटी बोर्डावर दहा फटके मारून पाहावेत, मात्र पावडर नेहमीइतकीच टाकावी. जास्त पावडरीवर कोणताही स्ट्रायकर चांगलाच वाटतो. पावसाळ्यात बोर्ड दमट होऊन मंद चालतो, तेव्हा केलेली निवड उन्हाळ्यात पुन्हा तपासावी.

आमच्या व्यापारी बांधवांना एवढेच सुचवायचे आहे की दुकानात एक काटा आणि एक जुना बोर्ड ठेवा. माल आला की प्रत्येक नग तोला आणि वजनाप्रमाणे वेगळ्या डब्यांत लावा. गिऱ्हाईक आले की किंमत सांगण्याआधी त्याला दोन फटके मारायला सांगा. खरादीचे काम करणाऱ्या कारागिरांनीही लक्षात घ्यावे की १५ ग्रॅमच्या मर्यादेला अगदी चिकटून माल काढण्यापेक्षा किंचित खाली ठेवणे शहाणपणाचे, म्हणजे काट्यातल्या फरकाने खेळाडू अडचणीत येत नाही.

हा आता फक्त वेळ घालवण्याचा खेळ राहिलेला नाही. १९९६ साली मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२४ साली अमेरिकेतल्या विश्वचषकात चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने, एम. काझिमा हिने, तीन सुवर्णपदके पटकावली. आपल्या गल्लीतून असा एखादा हात पुढे येत असेल, तर तो आपण विकलेल्या चुकीच्या वजनापायी मागे पडू नये. शिवाय बरोबर तोललेला एक स्ट्रायकर घेऊन गेलेले गिऱ्हाईक पुढचा बोर्ड घ्यायलाही त्याच दुकानात येते.