फोर-के, फुल एचडी आणि एक किलोमीटरवरचा सारस

बारावीनंतरचे प्रवेश पार पडले की गोंदियाच्या बाजारात लॅपटॉपची चौकशी वाढते. ‘पोराला कोडिंगसाठी हवाय’ म्हटलं की दुकानदार आधी रॅम सांगतो, मग प्रोसेसर, आणि गिऱ्हाईक जरा सैल दिसलं की हळूच फोर-केवर येतो. पडद्यावर ठिपके जितके जास्त तितका तो चांगला, हे गणित ऐकायला बिनतोड वाटतं. डोळ्याला मात्र ते मान्य नाही.

नेत्रतपासणीचा तक्ता 1862 साली उट्रेख्टच्या हर्मन स्नेलेननं बनवला. त्यातला हिशेब असा की ज्याची नजर 6/6, त्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन तपशील वेगळे दिसावेत. तो कोन किती बारीक, हे गोंदियाकरांना परसवाड्याच्या तलावाकाठी कळेल. माणसाच्या उंचीचा सारस एक किलोमीटरवर धानाच्या बांधीत उभा असेल, तर तो नुसत्या डोळ्यांनी काडीसारखा दिसतो. त्याचं लाल डोकं आणि मानेचा वरचा भाग मिळून साधारण 30 सेंटिमीटर, म्हणजे त्या अंतरावर जेमतेम एक ठिपका. चोच कुठल्या बाजूला आहे हे सांगायला दुर्बीणच लागते.

हाच कोन 60 सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपला लावला तर 0.17 मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचाला सुमारे 145 ठिपके. आता बाजारातले आकडे तपासू. 15.6 इंची पडद्यावर 1366×768 म्हणजे इंचाला 100. अक्षरांच्या पायऱ्या उघड दिसतात, तेव्हा तो घेऊच नये. त्याच आकारात फुल एचडी म्हणजे 141. चौदा इंचांवर 1920×1200 म्हणजे 162. आणि 15.6 इंची फोर-के? 282. डोळ्याच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय ठिपके फुल एचडीच्या चौपट, म्हणजे ग्राफिक्सवरचा भार वाढतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

(तरुण नजर बहुधा 6/6 पेक्षा तीक्ष्ण असते, आणि तिरप्या रेषेतला वेडावाकडेपणा तर डोळा याहून कितीतरी बारकाईनं पकडतो. म्हणून 200 च्या आसपासचा पडदा अगदीच वाया जात नाही. पण त्यापुढे जाहिरातच जास्त.)

‘फोर-केवर जास्त कोड मावतो’ हा दावा तर निम्मा खरा. एवढ्या दाट पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी होतात, मग विंडोजमध्ये स्केलिंग 200 टक्के करावं लागतं आणि कामाला उरते ती बरोबर 1920×1080 एवढीच जागा. पैसे मोजले ते सुबकपणाचे. कोड लिहिणाऱ्याला हवी असते उंची. ओळीची रुंदी 80 अक्षरांत ठेवायची सवय थेट 1928 च्या आयबीएमच्या 80 रकान्यांच्या पंचकार्डापर्यंत मागे जाते. ओळी मात्र खाली खाली वाढतच राहतात. 125 टक्के स्केलिंग आणि 20 ठिपक्यांची ओळ धरली तर 1080 च्या उंचीत 43 ओळी बसतात, 1200 मध्ये 48. पाच ओळी म्हणजे एक छोटं फंक्शन. म्हणून 16:9 ऐवजी 16:10 चा पडदा मिळत असेल तर तो घ्यावा.

आता मराठीचा मुद्दा, जो दुकानात कुणी काढत नाही. कोड इंग्रजीत असला तरी त्यातला मजकूर मराठी असू शकतो. शेतकऱ्यांच्या नोंदणीचं ॲप लिहायचं तर सूचना मराठीतच लिहाव्या लागणार. ‘सर्वांना’ मधला रफार आणि अनुस्वार शिरोरेषेवर खेटून बसतात. ‘उद्धृत’ मध्ये द, ध आणि ऋकार खाली एकावर एक उतरतात. देवनागरीची सगळी दाटी उभ्या दिशेनं. मायक्रोसॉफ्टनं 1998 मध्ये जाहीर केलेलं क्लिअरटाइप तंत्र प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून अक्षर रेखीव करतं, पण त्या पट्ट्या असतात शेजारी शेजारी. आडवी सूक्ष्मता वाढली, उभी तिथेच राहिली. रोमन अक्षरांचं भागलं, आपल्या रफाराला काहीच मिळालं नाही.

ही अडचण ज्यानं अंगावर घेतली त्या माणसाचं नाव किती मराठी प्रोग्रॅमरांना माहीत असेल? र. कृ. जोशी. उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक, मग आयआयटी मुंबईत प्राध्यापक, आणि हाडाचे सुलेखनकार. विंडोज 2000 सोबत आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट त्यांचा. दिवंगत पत्नीचं नाव त्यांनी त्याला दिलं. तेव्हाच्या 15 इंची पडद्यावर 1024×768, म्हणजे इंचाला 85 ठिपके. वळणदार बोरूची लिपी त्या जाड जाळीत बसवायची होती. ‘मंगल’ला बोजड म्हणणाऱ्यांनी ही जाळी आठवावी. जोशी 2008 मध्ये गेले, दाट पडद्यांचे लॅपटॉप घरोघरी पोचण्याआधीच.

तेव्हा दुकानात चित्रफीत बघण्यापेक्षा एडिटर उघडावा, रोजचा फॉन्ट-आकार ठेवावा आणि ‘सर्वांना उद्धृत’ एवढं टंकून हातभर अंतरावरून वाचावं. रफार आणि अनुस्वार वेगळे दिसले तर तो पडदा पुरेसा आहे. टर्मिनलमध्ये मात्र हीच परीक्षा महागडा पडदाही हमखास पास होईल असं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचा चौकोन ठरलेला असतो आणि जोडाक्षरं त्यात मावत नाहीत. ते दुखणं सॉफ्टवेअरचं आहे.