बरणीतला कोळी : त्याला काय लागते?

वडखळच्या पुढे नागोठण्याकडे जाताना गडब लागते. एका बाजूला भातखाचरे, पलीकडे धरमतरची खाडी. इथल्या वर्गात 'कोळी' असा शब्द उच्चारला, तर मुलांच्या डोळ्यांसमोर आधी खाडीत जाळे टाकणारा माणूस येतो, भिंतीवरचा प्राणी नंतर. दोघांचे नाव एक आणि हत्यारही एक! आपण या लेखात दुसऱ्या कोळ्याचा विचार करणार आहोत. तो बांधावर, गवतात, शाळेच्या छपराखाली कुठेही सापडतो, आणि आठवडाभर वर्गात पाहुणा म्हणून ठेवण्यासारखा आहे.

मुले कोळी पकडतातच. काड्यापेटीत घालतात, सोबत पोळीचा तुकडा टाकतात आणि दोन दिवसांनी तो मेलेला आढळतो. 'उपाशी मेला' असे मग सगळे म्हणतात. प्रत्यक्षात धडधाकट कोळी अन्नाशिवाय काही आठवडे सहज काढतो. तो मरतो तो बहुधा तहानेने किंवा उन्हात तापलेल्या डबीतल्या उष्णतेने. पोळीचा तर त्याला काहीच उपयोग नसतो. कोळ्याला घन पदार्थ गिळता येत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस ओकतो, त्याचे मांस बाहेरच विरघळवतो आणि तो द्रव शोषून घेतो. म्हणून पहिली गरज पाण्याची. रोज बरणीच्या आतल्या बाजूला पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडावेत. वाटीभर पाणी ठेवू नये, लहान कोळी त्यात बुडतो.

घर कसे द्यायचे, हे तो शिकार कशी करतो यावर ठरते. हे एकदा लक्षात आले की निम्मे काम झाले.

भिंतीवर टुणकन उडी मारणारा छोटा कोळी जाळे विणून शिकार करीत नाही. पुढचे दोन मोठे डोळे रोखून तो माशीवर झेप घेतो. त्याला मुरंब्याची बरणी पुरते. तोंडाला मलमलीचा तुकडा बांधावा आणि आत एक वाळकी काडी ठेवावी. उजेड मात्र हवा, कारण तो दिवसा आणि डोळ्यांनी शिकार करतो. वर्गासाठी याच्याइतका चांगला पाहुणा दुसरा नाही. बरणीजवळ बोट नेले की तो वळून आपल्याकडे पाहतो, आणि मुलांची भीती तिथेच निम्मी होते. याच कुळातल्या, ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला 2021 साली तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्याला धरून ठेवताना प्राण गमावलेले ते पोलीस अधिकारी.

घरातला मोठा, चपटा, रात्री झुरळे पकडणारा कोळी मोठ्या बरणीत ठेवावा आणि आत झाडाची साल उभी करावी. मादीने पोटाखाली पांढरी चपटी टिकली धरलेली असेल तर तिला पकडूच नये. ती टिकली म्हणजे अंड्यांची पिशवी.

गोल जाळे विणून त्यात इंग्रजी 'एक्स'सारखी पांढरी नक्षी काढणारी मादी बरणीत ठेवली तर जाळे विणायला जागाच मिळत नाही. तिच्यासाठी साधारण एक फूट लांब, एक फूट उंच आणि चार इंच रुंद अशी लाकडी चौकट करून दोन्ही बाजूंनी काच किंवा जाड प्लास्टिक लावावे. काचेला आतून व्हॅसलीनचा पातळ थर दिला की धागे काचेला चिकटत नाहीत, चौकटीलाच बांधले जातात. जुने जाळे खाऊन ती त्यातली प्रथिने पुन्हा वापरते. हे पाहायला पहाटे उठावे लागेल, पण ते वाया जाणार नाही.

अन्न जिवंत आणि हलणारे हवे, आणि कोळ्याच्या धडापेक्षा मोठे नको. पिकलेले केळे उघड्या बाटलीत ठेवले की दोन दिवसांत फळमाश्या जमतात. लहान कोळ्यांना त्या उत्तम. दोन-तीन दिवसांनी एकदा खाऊ घालणे पुरे. उरलेले भक्ष्य दुसऱ्या दिवशी काढावे, नाहीतर कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते. कोळी अचानक खायचा थांबला आणि कोपऱ्यात बसला, तर तो बहुधा कात टाकणार असतो. अशा वेळी आत सोडलेला नाकतोडा मऊ पडलेल्या कोळ्यालाच खाऊन टाकतो. एका बरणीत दोन कोळी कधीच ठेवू नयेत. बरणीच्या जवळपास डासांची उदबत्ती किंवा फवारा नको, आणि फवाऱ्याने मेलेली झुरळेही खायला देऊ नयेत.

पकडताना हात लावू नये. पेला पालथा घालून खालून पोस्टकार्ड सरकवावे. आपल्याकडचे बहुतेक कोळी माणसाला अपाय करीत नाहीत. पावसाळ्यात अंगावर फोड उठले की 'कोळी फिरला' म्हणतात, पण त्यातले बरेचसे फोड दिव्यावर येणारा एक लहान भुंगेरा अंगावर चिरडल्याने उठतात.

भातखाचरातल्या कोळ्यांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहायला हवे. चुडांच्या बुंध्याशी पळणारे लांडगा कोळी तपकिरी तुडतुडे खातात. कीटकनाशक फवारले की हे कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात, आणि किडीची पुढची पिढी शत्रूशिवाय वाढते. इंडोनेशियाने याच कारणाने 1986 साली भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. म्हणून खाचरातून एखादाच कोळी आणावा आणि आठवड्याने त्याच बांधावर सोडावा. फवारलेल्या आणि न फवारलेल्या खाचरांतले कोळी मुलांनी मोजले, तर त्यांच्या घरी त्यावर बोलणे होईल. नुकत्याच फवारलेल्या शेतात मात्र मुलांना नेऊ नये.

झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या, केसाळ, रंगीत कोळ्यांना हात लावायचा नाही. परदेशात पाळण्यासाठी त्यांचा व्यापार होत असल्याने 2019 साली त्यांची पूर्ण प्रजाती 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत घालण्यात आली. त्यांच्या मादीला वयात यायला काही वर्षे लागतात. एक उचलली तरी त्या झाडाचे नुकसान लवकर भरून येत नाही.

बरणीतल्या मादीने अंडी घातली, तर बरणी सावलीत, कुंपणाशी नेऊन तोंड उघडे ठेवावे. पिल्ले बाहेर पडून उंच काडीवर चढतात, धागा वाऱ्यावर सोडतात आणि त्याच्यासकट उडून जातात.